मराठी सिनेमातली शाळा आणि आपली शाळा

'चित्रपट : शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलाय आणि आता मुलांकडून लिहून घेतो. पहिल्या परिच्छेदात 'चित्रपट हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य, मधे फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'अति तेथे माती'. दहापैकी सात गुण कुठेच गेले नाहीत. पण त्या आरशात नेमकं काय दिसतं, आणि आपण शिक्षक-पालक त्यात कुठे दिसतो, हे काही कोणी विचारत नाही. आज मला तेवढंच विचारायचंय.

मी समीक्षक नाही. डी.एड. केलेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे. कॅमेरा, संकलन, पटकथा यातलं मला फारसं कळत नाही. पण मुलं कळतात, शाळा कळते. त्यामुळे कोणताही मराठी सिनेमा बघताना नजर आपोआप त्यातल्या मुलाकडे, दप्तराकडे, वर्गाच्या भिंतीकडे जाते. गेल्या वीसेक वर्षांतले सिनेमे असे बघितल्यावर माझं मत बनलंय ते असं : मराठी सिनेमाने आपल्या मुलांना जितकं समजून घेतलं, तितकं आपल्या शाळेला घेतलं नाही. आणि ज्या मुलांवर हे सिनेमे काढले, त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नाहीत. या दोन्ही गोष्टींबद्दल जरा सविस्तर बोलूया.

मूल मधोमध आलं

आधी चांगलं ते सांगते. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यानंतर मराठीला ते परत मिळायला थेट २००४ सालचा 'श्वास' यावा लागला. दोन्ही सिनेमांच्या मधोमध एक लहान मुलगा आहे हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. 'श्वास'मधल्या परशाला डोळ्याचा कर्करोग आहे, ऑपरेशन झालं की दृष्टी जाणार. त्याआधी आजोबा त्याला एक दिवस हॉस्पिटलमधून बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. यात कुठेही रडारड करून आपल्याला रडवलेलं नाही. मुलाला खरं सांगायचं की नाही, कोणी सांगायचं, कसं सांगायचं, एवढाच प्रश्न आहे. घरात कोणी गेलं, आई-वडील वेगळे झाले, असं काही वर्गातल्या मुलाच्या बाबतीत घडलं की आपल्यापुढेही हाच प्रश्न असतो ना?

मग २००८ मध्ये 'टिंग्या' आला. मंगेश हाडवळे यांचा. बैल निकामी झाला म्हणून घरचे तो विकायला निघतात, आणि पोरगं विचारतं, का? कर्ज, पेरणी, खाटीक हे सगळं मोठ्यांचं गणित. पोराचं गणित वेगळं. ग्रामीण भागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला असा टिंग्या माहीत असतो. हजेरीपटावर तो 'अनियमित' म्हणून दिसतो. का अनियमित, ते त्या सिनेमात दिसतं.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' तर बदलीच्या नोकरीत असलेल्या प्रत्येक पालकाने बघावा. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झाली, आणि पुण्याचा चिन्मय नव्या शाळेत येऊन पडलाय. मित्र होतात, पण मित्र होता होता दुखावतातही. पावसात किल्ल्यावर त्याला एकट्याला सोडून बाकीची पोरं निघून जातात तो प्रसंग बघताना पोटात कालवतं. 'नवीन आलेला विद्यार्थी' या तीन शब्दांत किती काय असतं! २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने या सिनेमाला बक्षीस दिलं. म्हणजे तिकडच्या मुलांनाही इकडचा चिन्मय कळला.

'एलिझाबेथ एकादशी'मधला पंढरपूरचा ज्ञानेश वडिलांनी बनवलेली सायकल वाचवण्यासाठी यात्रेत बांगड्या विकतो. 'नाळ'मधल्या चैत्याला कळतं की आपण दत्तक आहोत, आणि त्याची घालमेल सुरू होते. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी हे विदर्भातल्या गावात इतक्या शांतपणे दाखवलंय की बघणाऱ्याचाही आवाज खाली येतो. 'नाळ भाग २'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला आणि त्यातल्या तिन्ही मुलांना बालकलाकाराचे पुरस्कार मिळाले. या यादीतल्या एकाही मुलाला 'गोंडस' दाखवायचा प्रयत्न नाही. ती चिडतात, खोटं बोलतात, रुसतात, मारामारी करतात. जाहिरातीतली नव्हे, आपल्या वर्गातली मुलं.

बोली शुद्ध झाली

आणखी एक उपकार मी मानते. पूर्वी सिनेमात गावाकडची भाषा कोण बोलायचं? गडी, मोलकरीण किंवा हसवायला ठेवलेलं पात्र. नायक-नायिका मात्र पुस्तकी बोलणार. 'सैराट' २०१६ मध्ये आला आणि आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत बुलेटवरून बोलायला लागली. 'नाळ'मध्ये वऱ्हाडी वळणाची बोली आली. त्याचा वर्गात काय उपयोग? एखादं मूल 'व्हय', 'न्हाय', 'मले', 'तुले' म्हणालं की बाकीची फिदीफिदी हसतात. तेव्हा 'अरे, आर्ची असंच बोलते की' एवढं एक वाक्य पुरतं. हसणं थांबतं आणि त्या मुलाची मान वर होते. प्रमाणभाषा शिकवायचीच आहे, ते आपलं कामच आहे. पण घरची भाषा हिणवून नव्हे. हे प्रशिक्षणात दहा वेळा ऐकवलं तरी पटत नाही, ते एका सिनेमाने पटवलं.

भिंतीवरची चित्रं

आता 'फँड्री'बद्दल. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१४ मध्ये थिएटरला लागला. शिक्षकांनी तो एकदा तरी केवळ शिक्षक म्हणून बघावा असं माझं म्हणणं आहे. वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो, आणि त्याच वर्गातल्या जब्याला गावात डुकरं धरावी लागतात. डुकराच्या मागे पळता पळता शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर समोरून निघून जातं. शेवटी पकडलेलं डुक्कर काठीला टांगून ते शाळेच्या भिंतीशेजारून जातात, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत.

त्या भिंती कोण रंगवतं? आपणच की! लोकवर्गणी काढून, पेंटरच्या मागे लागून, तपासणीच्या आधी. शाळाबोलकी भिंत हवी म्हणून. भिंत बोलते, पण भिंतीच्या आतलं आणि बाहेरचं जग जुळत नाही. सिनेमा कोणावर आरोप करत नाही, फक्त ती चित्रं आणि ते डुक्कर एका चौकटीत दाखवतो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. जयंतीला भाषण लिहून देताना तो दगड आठवला, तर भाषण वेगळं लिहिलं जाईल.

पण गुरुजी कुठे आहेत?

इथूनच माझी तक्रार सुरू होते. एवढी सगळी मुलं आली, त्यांच्या शाळा आल्या, मग त्यांचे शिक्षक कुठे आहेत?

विनोदी सिनेमातले आपण सगळ्यांना पाठ आहोत. चष्मा नाकावर, हातात छडी, वर्गात डुलक्या, बाईंवर लाइन मारणारे पी.टी.चे सर. लोक हसतात, आपणही हसतो. गंभीर सिनेमात आपण असतो, पण कडेला. 'सैराट'मधले लोखंडे सर आठवा. वर्गात कविता शिकवताहेत, प्रिन्स मोबाइलवर बोलतोय, सरांनी हटकलं आणि भर वर्गात थोबाडीत बसली. कारण पोरगा पाटलांचा. तेवढ्या एका प्रसंगात पुढे येणाऱ्या सगळ्या हिंसेची चाहूल आहे. ज्या गावात सरांना मारलं तरी काही होत नाही, तिथे आर्ची-परशाचं काय होणार, हे तिथेच कळतं. प्रसंग खरा आहे, नाकारायचं काही कारण नाही. गावच्या पुढाऱ्याच्या पोराला बोलताना शिक्षकाची जीभ कशी अडखळते, ते गावात नोकरी केलेल्यालाच कळेल.

पण थप्पड खाणारा आणि हसवणारा, एवढे दोनच शिक्षक आहेत का? चमत्कार करणारा हिरो मास्तर मला नकोच आहे. तसले सिनेमे हिंदीत-इंग्रजीत पुष्कळ झाले. तीन तासांत अख्खा वर्ग सुधारतो आणि शेवटी मुलं खांद्यावर घेऊन नाचतात. मला मधला माणूस हवाय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ'मध्ये (२००२) तो होता. 'फ' तुकडी म्हणजे सगळ्यांनी सोडून दिलेली पोरं, आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे सर. अतुल कुलकर्णींनी ते सर कुठेही मोठे केले नाहीत. सलील कुलकर्णींच्या 'एकदा काय झालं!!'मध्ये (२०२२) गोष्टींतून शिकवणारा शिक्षक आहे, सुमीत राघवनने तो फार प्रेमाने केलाय. फक्त ती शाळा स्वप्नातली आहे. पटसंख्या, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची ड्युटी यातलं काही त्या शाळेत शिरत नाही. आपलं खरं रोजचं जग जवळून दाखवलं ते रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरच्या 'निशाणी डावा अंगठा'ने. प्रौढ साक्षरतेचं अभियान कागदावर कसं यशस्वी होतं याची ती गोष्ट. आज साक्षरतेचे सर्वे करत फिरणाऱ्या शिक्षकांना ती जुनी वाटणार नाही.

शाळा नेहमी जुन्या काळातलीच का?

दुसरी तक्रार. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा' आणीबाणीच्या काळातला. 'बालक-पालक' व्हीसीआर भाड्याने आणायच्या काळातला. 'आत्मपॅम्फ्लेट'मधलं बालपणही मागच्याच पिढीचं. सगळे चांगले सिनेमे आहेत, मला आवडलेत. 'बालक-पालक'ने तर जे विषय पालकसभेत काढायची कोणाची हिंमत होत नाही, ते घराघरात बोलायला लावले. पण बघताना हळवं कोण होतं? चाळिशी-पन्नाशीतले आपण. 'अगदी आमच्यासारखं!' म्हणून. दिग्दर्शक आपलं बालपण आठवतात आणि प्रेक्षक त्यांचं. यात आजचं मूल कुठे राहिलं?

आजचं मूल म्हणजे कोण? ऊसतोडीला आई-बापाबरोबर दिवाळीनंतर जाणारं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येणारं. गावात मराठी शाळा दारात असताना पिवळ्या व्हॅनमधून पंधरा किलोमीटर इंग्रजी शाळेत जाणारं, आणि ना धड इंग्रजी ना धड मराठी बोलणारं. बापाच्या मोबाइलवर रात्री बारापर्यंत रील बघून सकाळी परिपाठाला पेंगणारं. लॉकडाऊनमध्ये दोन वर्षं शाळाच न बघितलेलं. पट कमी म्हणून शाळा बंद होईल का, या भीतीत शिकणारं आणि शिकवणारे आम्ही. यातल्या एकेका वाक्यावर सिनेमा निघू शकतो.

अपवाद आहेत, ते सांगितले पाहिजेत. अमर देवकर यांच्या 'म्होरक्या'मध्ये मेंढरं राखणाऱ्या मुलाला प्रजासत्ताक दिनाच्या परेडचं म्होरकेपण हवंय. एवढीशी इच्छा, पण ती पुरी करताना अख्खं गाव आडवं येतं. बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'मधली सविता कॉलेजात स्त्री-सबलीकरणाचा धडा ऐकते आणि घरी येऊन पाहुण्यांसमोर पाटावर बसते. नाव काय, उंची किती, शिक्षण काय, तेच तेच प्रश्न. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावातलीच माणसं घेऊन केलेला हा सिनेमा मुलींच्या पालकांनी बघावा, आणि मुलांच्या पालकांनी त्याहून आधी बघावा.

गाणं पोहोचलं, सिनेमा राहिला

आता सगळ्यात खटकणारी गोष्ट. 'सैराट' कोणाला माहीत नाही? पहिलीतल्या पोरालाही 'झिंगाट'च्या स्टेप येतात. स्नेहसंमेलनाला एक तरी गट त्यावर नाचतोच, पालक शिट्ट्या मारतात, पुढच्या रांगेतले मान्यवर शंभराच्या नोटा देतात. आणि सिनेमाचा शेवट? रक्तात भिजलेल्या पावलांनी चालत जाणारं ते तान्हं लेकरू? त्याबद्दल कोणी बोलत नाही. जातीपायी आपल्याच लेकीला मारणाऱ्या माणसांवरचा सिनेमा, आणि आपल्यापर्यंत पोहोचलं फक्त नाचाचं गाणं. यात अजय-अतुल यांचा दोष नाही, गाणं झकासच आहे. दोष ऐकणाऱ्याचा आहे. ज्या गावात 'झिंगाट'वर वरातीत पहाटेपर्यंत नाचतात, त्याच गावात पोरीने मनाने लग्न केलं तर काय होतं, हा प्रश्न 'सैराट'ने विचारला होता. तो अजून तसाच पडून आहे.

पोहोचत का नाही?

याला कारणंही आहेत. तालुक्याची जुनी थिएटरं बंद पडली, काहींची मंगल कार्यालयं झाली, काहींच्या जागी गाळे निघाले. मल्टिप्लेक्स जिल्ह्याच्या गावी. चौघांचं कुटुंब गाडीभाडं, तिकीट, खाणं धरून गेलं की हजार-दीड हजाराला चाट. मजुरी करणारा बाप 'नाळ' बघायला एवढे पैसे घालेल का? बरं, हौसेने गेलं तर मराठी सिनेमाचा खेळ दुपारी एकचा, आणि पुढच्या शुक्रवारी तोही उतरवलेला. एकेकाळी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचे सिनेमे शाळेतर्फे थिएटरात नेऊन अगदी थोड्या पैशांत दाखवत. १९५५ मध्ये सुरू झालेली ती संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झाली, आणि सिनेमाची सहल आता शाळेच्या वार्षिक नियोजनात दिसेनाशी झाली.

'मराठी टिकवायची असेल तर मराठी सिनेमा बघा' असे मेसेज आपल्याला येतात. मला हे पटत नाही. कर्तव्य म्हणून बघितलेला सिनेमा आणि सक्तीने लिहिलेलं शुद्धलेखन, दोन्हींचा परिणाम सारखाच. वाईट मराठी सिनेमा वाईटच असतो, आणि तसले दर महिन्याला निघतात. 'बाईपण भारी देवा'ला बायका ट्रॅक्टर-टेम्पो करून गेल्या, त्या काही भाषा वाचवायला गेल्या नव्हत्या. आपलं काहीतरी पडद्यावर आहे म्हणून गेल्या. मुलांसाठीही तेच खरं.

शासनाला माझी एकच सूचना आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या मराठी बालचित्रपटांचे शाळांपुरते हक्क विकत घ्यावेत आणि ते शाळांना अधिकृतपणे उपलब्ध करून द्यावेत. पुष्कळ शाळांत आता स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर आहेत. त्यावर पीपीटीच फिरत राहण्यापेक्षा वर्षातून चार चांगले सिनेमे दिसले तर बिघडलं कुठे? ग्रुपवर फिरणाऱ्या चोरीच्या कॉप्या मात्र नकोत. प्रामाणिकपणा शिकवायचा आणि सिनेमा चोरून दाखवायचा, हे मुलांना बरोबर कळतं.

दाखवायचा कसा?

तोपर्यंत घरी ओटीटीवर किंवा टीव्हीवर लागेल तेव्हा पालक हे करू शकतात. आधी सिनेमा स्वतः बघा. प्रमाणपत्र बघा, आता यूएचेही ७+, १३+, १६+ असे वयाचे गट आलेत. तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर 'एलिझाबेथ एकादशी' बघता येतो, पाचवीपासून 'नाळ' आणि 'टिंग्या', सहावी-सातवीला 'किल्ला', 'म्होरक्या'. 'फँड्री' आठवीच्या पुढे, आणि मोठं माणूस शेजारी असतानाच. वर्गात दाखवणार असाल तर आपल्या वर्गात जब्या कोण आहे याचा विचार आधी करा. सिनेमा संपल्यावर ते नाव चिडवायला वापरलं जाणार नाही, याची तयारी तुमची हवी. ती नसेल तर दाखवू नका.

आणि सिनेमा संपल्या संपल्या 'यातून काय बोध घेतला?' हे विचारू नका. धड्याखालचा स्वाध्याय इथे नको. थोडा वेळ गप्प बसा. मूल आपणहून काहीतरी बोलेल. 'चिन्मयला सोडून ती पोरं का गेली असतील?' किंवा 'तू असतास तर बैलाचं काय केलं असतंस?' असा एखादाच प्रश्न पुरे. उत्तर चुकीचं आलं तरी चालेल, कारण इथे बरोबर उत्तर नाहीच. निबंधात न लिहिता येणाऱ्या गोष्टी मुलं अशा वेळी सांगतात. बैल विकल्याचं, बाबा दारू पिऊन येतात त्याचं, नवीन शाळेत कोणी डबा खायला बोलवत नाही त्याचं. ते ऐकायला मिळालं तर दोन तास वाया गेले असं कोणता शिक्षक म्हणेल?

सिनेमावाल्यांनाही विनंती आहे. तुम्ही आमच्या मुलांना खूप चांगलं बघितलंत. आता एकदा सोमवारी सकाळी साडेदहाला एखाद्या दोनशिक्षकी शाळेत येऊन बसा. खिचडी शिजत असते, एक शिक्षक माहिती भरत असतात, दुसऱ्या बाई चार वर्ग एकत्र घेऊन शिकवत असतात, आणि तरी मागच्या ओळीतलं एखादं पोरगं पहिल्यांदाच अडखळत एक अख्खं वाक्य वाचतं. तेवढं दाखवलंत तरी पुष्कळ झालं.

तुमच्या मुलांनी अलीकडे कोणता मराठी सिनेमा बघितला, आणि बघून झाल्यावर ती काय म्हणाली, ते जरूर कळवा. सिनेमाचं नाव लक्षात नसलं तरी चालेल, मूल काय म्हणालं ते मात्र लिहा.